‘चार बोटं कमी पडतात, ताई!’

मे महिन्याची सुटी लागली, की घरात पाहुण्यांचा राबता सुरू होतो. आत्याची मुलं येतात, मामाची येतात, आणि मग एखाद्या रात्री जेवताना कर्त्या पुरुषाला अचानक उत्साह येतो. ‘चला, यंदा सगळ्यांना पार्कला नेऊ या!’ पूर्वी ही हौस जत्रेतल्या पाळण्यावर भागायची. १९८४ साली दिल्लीत अप्पू घर झालं, १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड झालं आणि मोठाल्या यंत्रांवर बसून किंचाळण्याची चैन आपल्याकडेही आली. अप्पू घर २००८ साली बंद झालं, एस्सेलवर्ल्डही पुढे मिटलं. पण २०१३ पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे, आणि आता तर कुठल्याही हमरस्त्याने निघा, लहानमोठा वॉटर पार्क लागतोच.

तिथे एक गंमत पाहायला मिळते. बऱ्याच पार्कांत मुलांचं कमी दराचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. तिकिटाच्या खिडकीशी भिंतीवर पट्टी रंगवलेली असते. तिथे बाप मुलाला हळूच सांगतो, ‘गुडघे जरा वाकव रे.’ आणि तासाभराने आत, रोलर कोस्टरच्या दारात, तशाच दुसऱ्या पट्टीशी तोच बाप त्याच पोराला सांगतो, ‘टाचा उचल, मान ताठ कर!’ पोर बिचारं एका दिवसात दोनदा उंची बदलतं.

पहिल्या पट्टीशी बुडाले तर पार्कवाल्याचे चारदोनशे रुपये बुडतात. दुसऱ्या पट्टीचं गणित वेगळं आहे, आणि ते आपण बायकांनी नीट समजून घ्यायला हवं. कारण त्या दारात जे काही होतं ते निस्तरायचं काम शेवटी आपल्याकडेच येतं.

काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पाऊण तास उन्हात रांगेत उभं राहून नंबर येतो. दारावरचा पोरगा मुलाला पट्टीपाशी उभं करतो, डोक्यावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, ‘चार बोटं कमी पडतात, ताई. नाही बसता येणार.’ मुलाचा ओठ थरथरायला लागतो. त्यात वर्षाने लहान असलेला चुलतभाऊ, निव्वळ उंचेला म्हणून, ऐटीत आत गेलेला असतो. मग आपल्याकडची माणसं पुढे सरसावतात. यजमान पैशांचा हिशेब काढतात, ‘माणशी हजार रुपये भरलेत आम्ही!’ नणंद म्हणते, ‘अहो, चार बोटांनी काय होतंय?’ आणि धाकटे दीर छाती पुढे काढून म्हणतात, ‘जाऊ द्या हो, मी बसतो ना त्याला धरून.’

त्या दारावरच्या पोराला सगळे व्हिलन समजतात. तो बहुतेक जवळच्याच एखाद्या गावातला असतो, सकाळपासून उभा असतो आणि दिवसातून पन्नास जणांच्या शिव्या खातो. त्याने आपल्यासमोर मान डोलावली तर त्या दिवशी आपण त्याला ‘भला माणूस’ म्हणतो. खरं म्हणजे मान डोलावणाराच घातक.

आमच्या शेजारच्या वहिनींनी एका पार्कात वेगळीच युक्ती केली होती. मुलाच्या बुटात वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या, वर टोपी दिली. दारावरचा माणूस मुरलेला होता. त्याने टोपी काढायला लावली, बूट काढायला लावले, आणि चार लोकांसमोर त्या बुटातून सबंध रविवारची पुरवणी बाहेर आली! आम्ही हसून हसून बेजार झालो. पण घरी परतताना गाडीत त्या म्हणाल्या, ‘नेमकं काय होतं गं, दोन इंच कमी असलं तर? आपल्याला कुणी सांगतच नाही.’ प्रश्न रास्त होता. पाटीवर ‘किमान उंची १२० सें.मी.’ एवढंच असतं. का, ते कधीच लिहिलेलं नसतं.

दांडा टेकतो कुठे?

आपली समजूत अशी असते, की ती रेघ धीटपणाची आहे. लहान मूल घाबरेल, रडेल, म्हणून नको म्हणतात. तसं नाही. ती रेघ मुळी मुलाकडे पाहून काढलेलीच नसते. ती काढलेली असते त्या यंत्रातल्या खुर्चीकडे आणि दांड्याकडे पाहून.

तुम्ही स्वतः रोलर कोस्टरमध्ये बसलात तर काय होतं ते आठवा. पाठ मागे टेकते, गुडघे खुर्चीच्या कडेला वाकतात, पाय खाली फळीवर टेकतात. मग मांडीवर दांडा खाली येतो आणि कटीच्या हाडांपाशी, मांडीच्या वरच्या भागावर घट्ट बसतो. आता गाडी कितीही उसळली तरी तुमचा देह वर सरकू शकत नाही, कारण खाली खुर्ची आणि वर दांडा, मध्ये हाडं अडकलेली.

त्याच खुर्चीत पाच वर्षांचं मूल बसवा. पाठ टेकली तर त्याचे गुडघे कडेपर्यंत पोचत नाहीत, पाय सरळ समोर ताठ राहतात. पाय तळाला टेकत नाहीत, म्हणजे रेटा द्यायला आधार नाही. वाकायला मिळावं म्हणून ते पुढे सरकून बसतं, आणि पाठ सुटते. दांडा खाली येतो तो मांडीवर न टेकता पोटावर किंवा नुसताच हवेत राहतो. लहान मुलांची कटीची हाडंसुद्धा अजून पुरती घडलेली नसतात. मोठ्या माणसाच्या कटीला जो उंचवटा असतो, ज्याच्यावर दांडा किंवा पट्टा अडकून राहतो, तो त्यांच्यात नीट आलेला नसतो. मूल दांड्याखालून, साबणाच्या वडीसारखं, पुढे निसटू शकतं.

खांद्यावरून जी जाड कमान खाली येते तिचंही तेच. ती कमान खांद्यांना चेपून बसली पाहिजे. मूल बुटकं असलं तर ती त्याच्या कानांपाशी येते, आणि प्रत्येक वळणाला डोकं दोन्ही बाजूंनी आपटत राहतं. शिवाय लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. जन्मतः तर शरीराच्या एक चतुर्थांश लांबी डोक्याचीच असते, मोठेपणी ती सातवा-आठवा हिस्सा होते. मोठं डोकं, कोवळी मान आणि झटक्यावर झटके. एवढं सांगितलं की पुरे.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढे आहे. दांडा किंवा कमान ठरावीक जागेपर्यंतच खाली येते. तिथे ‘खट्’ आवाज होतो, कुलूप लागतं, बाहेरच्या माणसाला दिवा दिसतो. यंत्राच्या दृष्टीने सगळं ठीक. पण दांडा त्याच्या शेवटच्या खाचेत आला तरी त्याच्या आणि मुलाच्या मधे वीतभर फट असली, तर कुलूप दांड्याला लागलेलं आहे, मुलाला नाही. उंचीची रेघ त्या फटीसाठी असते. अमुक उंचीच्या खालची मुलं या खुर्चीत बसवली तर फट उरते, असं बनवणाऱ्याने मापं घेऊन ठरवलेलं असतं, आणि तेच पाटीवर येतं. पार्कवाला ते माप स्वतः वाढवू शकतो. कमी करणं त्याच्या हातात नसावं.

म्हणूनच प्रत्येक राइडचं माप वेगळं. अमेरिकेतल्या डिस्नेच्या दोन पार्कांत ‘स्पेस माउंटन’ नावाचीच राइड आहे. कॅलिफोर्नियात तिच्यासाठी १०२ सें.मी. लागतात, फ्लोरिडात ११२. नाव एक, अंधारात पळणं एक, पण कॅलिफोर्नियात दोघं शेजारी शेजारी बसतात आणि फ्लोरिडात एकामागे एक. गाडी वेगळी, रूळ वेगळा, म्हणून रेघ वेगळी. तेव्हा ‘मागच्या वर्षी तिकडच्या पार्कात बसला होता की हा!’ हा युक्तिवाद दारावर करू नये. तिकडची खुर्ची तिकडे राहिली.

‘मी धरतो ना त्याला’

आता दिरांच्या छातीकडे वळू. धरून बसायचं म्हणजे काय, याचा त्यांनी कधी विचार केलेला नसतो. रोलर कोस्टरच्या खालच्या वळणावर माणसाला स्वतःचं वजन तिप्पट, कधी त्याहूनही जास्त वाटतं. म्हणजे २० किलोचा मुलगा क्षणभर ६० किलोंचा होतो. आणि पुढच्याच चढावरून गाडी खाली झेपावते तेव्हा उलटं होतं, अंग खुर्चीतून वर उचललं जातं. हे इतकं पटकन होतं, की हाताची पकड घट्ट करायचं मनात येईपर्यंत तो क्षण निघून गेलेला असतो. त्यात दिरांचे स्वतःचेही दोन्ही हात दांड्याला घट्ट चिकटलेले असतात, हे फोटोत दिसतंच.

धरणारा माणूस शेजारी असल्याने उलट धोका वाढतो असेही प्रसंग असतात. जुन्या पद्धतीच्या आणि लहान राइडमध्ये दोघातिघांना मिळून एकच दांडा असतो. तो खाली येतो आणि सगळ्यात जाड माणसाच्या मांडीवर किंवा पोटावर अडतो. शेजारच्या चिमुरड्याच्या मांडीपासून तो कितीतरी वर असतो. म्हणजे आपण ‘आईजवळ आहे, काळजी नाही’ म्हणून ज्याला शेजारी घेतो, त्याचा दांडा आपल्याच पोटामुळे सैल राहतो.

हा नुसता तर्क नाही. २००० सालच्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये, ज्याला आपण अगदी साधी, मुलांची राइड म्हणू अशा फिरत्या गाडीतून चार वर्षांचा मुलगा बाहेर पडला आणि मागून येणाऱ्या गाडीखाली सापडला. तो घरच्यांबरोबरच बसलेला होता. चौकशीत निघालं ते असं, की दांडा पुरता खाली आलेला नव्हता, आणि मुलाला गाडीच्या उघड्या बाजूला बसवलेलं होतं. त्याच्या मेंदूला जबर इजा झाली. तो २००९ साली गेला. मधली आठ-नऊ वर्षं त्याच्या आईने कशी काढली असतील ते तुम्हीआम्ही नुसतं मनात आणू शकतो.

म्हणून एक साधी गोष्ट कायमची लक्षात ठेवा. लहान मूल नेहमी आतल्या बाजूला, मोठं माणूस दाराच्या बाजूला. गोल गरगर फिरणाऱ्या पाळण्यांतही हेच. वेग वाढला की सगळे बाहेरच्या बाजूला रेटले जातात. मूल बाहेर बसलं तर तुमचं सगळं वजन त्याच्यावर येतं. मूल आत, केंद्राकडे, हवं. दारावरच्या माणसाने उलटं बसवलं तर स्वतः बदलून घ्या. आणि दोघांत एक दांडा असेल तर शक्यतो सडपातळ माणसाने मुलाजवळ बसावं. इथे आजी उपयोगाच्या नाहीत, कॉलेजातली मावशी बरी.

उंच मुलांच्या आयांना

उंचीची पट्टी आणखी एक काम गुपचूप करते. दारावर कुणी जन्मदाखला मागू शकत नाही, म्हणून उंचीवरून वयाचा अंदाज बांधतात. सात वर्षांचं मूल सहसा ‘हात सोडू नकोस, उठू नकोस’ हे ऐकतं. चार वर्षांचं मूल घाबरलं की एकच करतं, उठून आईकडे झेपावतं. त्याला त्या क्षणी पाटीवरच्या सूचना आठवत नाहीत.

आता पंचाईत होते ती अंगाने उफाड्याच्या मुलांची. साडेचार वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या उंचीचा असला तर पट्टी त्याला सोडते. खुर्चीत तो बसेलही. पण अक्कल साडेचार वर्षांचीच आहे, हे दारावरच्या माणसाला कसं कळणार? ते तुम्हालाच माहीत. एसटीत, झोपाळ्यावर, डॉक्टरांच्या खुर्चीत तो सांगितलं तसं बसून राहतो का? नसेल, तर पट्टी हो म्हणाली तरी तुम्ही नाही म्हणा.

उंची पुरली म्हणजे सगळं पुरलं असंही नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीला २०१४ साली जगातली सगळ्यात उंच म्हणून पाण्याची घसरगुंडी उघडली होती. सतरा मजली घराएवढी उंच! रबरी होडीत तिघांनी बसायचं. उंचीची अट ५४ इंच, म्हणजे साडेचार फूट. ऑगस्ट २०१६ मध्ये दहा वर्षांचा एक मुलगा तिच्यावर गेला. तो तिथल्या एका आमदाराचा मुलगा. उंचीच्या अटीत तो बसत होता, तिघांचं मिळून वजनही नियमात होतं. पण त्याच्या मागे दोन मोठ्या बायका आणि पुढे तेहतीस-चौतीस किलोंचा हा एकटा. दुसऱ्या चढावर होडीचं हलकं नाक हवेत उचललं गेलं, वरच्या जाळीला धरणाऱ्या लोखंडी कडीवर मुलगा आदळला आणि जागीच गेला. ती घसरगुंडी २०१८ साली पाडून टाकली. वॉटर पार्कात आपण ‘पाणीच तर आहे’ म्हणून निर्धास्त असतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली. होडीत पुढे एकटं हलकं मूल बसवू नये, आणि वजनाची पाटी असेल तर ती उंचीच्या पाटीइतकीच गांभीर्याने वाचावी.

आपलंही माप असतं

पट्टीला खालची रेघ असते तशी बऱ्याच यंत्रांना वरचीही असते. फार उंच माणसांनाही काही राइडवर घेत नाहीत, कारण वर केलेला हात किंवा गुडघा लागायचा धोका. आणि फार जाड माणसांना, कारण दांडा किंवा कमान पुरेशी खाली येत नाही. इथे आपण बायका फार संकोचतो. सगळ्यांसमोर ‘तुमचं बसत नाही, उतरा’ म्हटल्यावर कोणाला बरं वाटेल? मग पोट आत ओढून, श्वास रोखून, कसंबसं ‘खट्’ करून घ्यायचं.

ते करू नका. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोला एका उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या पाळण्यातून चौदा वर्षांचा मुलगा पडून गेला. तो वयाने मुलगाच, पण अंगाने सहा फुटांवर आणि वजनाने पावणेदोनशे किलोंच्या घरात. बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात १३० किलोंची मर्यादा लिहिलेली होती. आणि त्याच्या खुर्चीची कमान इतरांपेक्षा जास्त उघडी राहूनही दिवा लागेल अशी मुद्दाम सैल करून ठेवलेली होती, असं चौकशीत आढळलं. कुणीतरी मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं टाळण्यासाठी यंत्राला ‘हो’ म्हणायला शिकवलं. २००१ साली कॅलिफोर्नियात पाण्याच्या राइडवरून चाळीस वर्षांची एक बाई पडली, तिथेही तिच्या अंगलटीमुळे पट्टा आणि दांडा नीट बसलेच नव्हते. तेव्हा उतरा म्हणाले तर उतरा. खाली चहा मिळतो.

त्याच पाटीवर ‘गर्भवती स्त्रियांनी बसू नये’ असंही असतं. अचानक बसणारा झटका आणि पोटावर दाबला जाणारा दांडा, दोन्हींमुळे वार सुटण्याची भीती असते. मोठं पोट दिसत असेल तर कुणी आग्रह करत नाही. खरी अडचण पहिल्या दोन-अडीच महिन्यांची. घरात अजून सांगितलेलं नसतं आणि सगळ्या जावा मिळून ओढत असतात, ‘चल गं, भित्री कुठली!’ अशा वेळी खरं कारण सांगायची सक्ती कुणावर नाही. ‘पाठीत उसण भरलीय’ म्हणा आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बाकावर बसा. पिशव्या सांभाळणारी बाई कुणालाही हवीच असते.

आणि पदर, ओढणी, वेणी. २०१८ साली हरयाणातल्या पिंजोरच्या बागेत गो-कार्टच्या चाकात केस अडकून एक तरुण आई गेली. मोकळे केस फोटोत छान दिसतात, पण चाकाच्या, साखळीच्या जवळ जाताना अंबाडा घट्ट बांधून वर रुमाल, ओढणी काढून पिशवीत, आणि शक्यतो साडी घरीच.

जत्रेत पट्टी नसते

हे सगळं झालं पाट्या लावणाऱ्या पार्कांचं. आपल्या गावच्या जत्रेत, उरुसात, नवरात्राच्या मैदानात पाळणे येतात ते ट्रकमधून. रात्रीतून उभे राहतात. तिथे उंचीची पट्टी सहसा नसतेच. जो पैसे देईल तो बसतो. अशा ठिकाणी पट्टीचं काम आपल्या डोळ्यांनी करायचं.

आधी एक पूर्ण फेरी नुसती उभं राहून बघा. चालवणारा माणूस प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन दांडा हाताने ओढून पाहतो, की लांबूनच शिट्टी मारतो? मग मुलाला बसवून पाहा. पाठ टेकलेली असताना गुडघे वाकतात का, पाय टेकतात का, दांडा मांडीला लागतो का? दांडा लावल्यावर मुलाला सांगा, ‘खाली घसर बघू.’ ते घसरू शकलं, तर पैसे परत न घेता उतरवा. दांड्याऐवजी नुसती साखळी अडकवलेली असेल तर ती फक्त शोभेची, मूल तिच्याखालून सहज जातं.

अर्थात, यंत्रच जुनं, कुजलेलं असेल तर आपल्या उंचीचा आणि डोळ्यांचा काय उपयोग! जुलै २०१९ मध्ये अहमदाबादला कांकरिया तलावाच्या पार्कात हेलकावे देणाऱ्या राइडचा मुख्य खांबच मोडला. दोन माणसं गेली, पुष्कळ जखमी झाली. ती सगळी मापात बसणारीच होती. तिथे प्रश्न दुरुस्तीचा आणि तपासणीचा होता, आणि तो आपण दारात उभं राहून सोडवू शकत नाही. पण करकरणारा सांधा, दोरीने बांधलेलं दार, गंजून पातळ झालेली पायरी, एवढं दिसतं. दिसलं तर परत फिरा.

घरून मापून निघा

रडारड टाळायची असेल तर उंची पार्कात मोजू नका, आदल्या दिवशी घरीच मोजा. अनवाणी, केस सोडून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवं ठेवा, भिंतीशी काटकोनात, आणि खाली पेन्सिलीने रेघ ओढा. शिंप्याची टेप चालेल, पण जुन्या टेपा ताणलेल्या असतात, लोखंडी टेप असेल तर उत्तम. मोजायचं ते संध्याकाळी. रात्रभर आडवं पडल्याने सकाळी आपण सगळेच एखादा सेंटिमीटर उंच असतो, दिवसभरात पाठीच्या कण्यातल्या गाद्या दबतात. सकाळी घरी १२० भरलेलं मूल दुपारी चार वाजता दारात ११९ भरलं, तर दारावरचा माणूस लबाड ठरत नाही.

पाट्यांवर सेंटिमीटर असतात आणि आपल्या डोक्यात फूट. १०७ सें.मी. म्हणजे साडेतीन फूट, १२० म्हणजे चार फुटांना इंचभर कमी, १४० म्हणजे चार फूट सात इंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांत पाचव्या वर्षी साधारण ११०, सातव्या वर्षी १२१ आणि दहाव्या वर्षी १३८ सें.मी. ही मधली उंची दिली आहे. आपल्याकडची पुष्कळ मुलं त्याहून थोडी बुटकी भरतात आणि त्यात काळजीचं काही नसतं. म्हणजे १४० ची मोठी राइड दहाअकरा वर्षांआधी मिळत नाही, हे घरातून निघतानाच मुलाला माहीत असलेलं बरं.

पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे ‘चार बोटं कमी’ याचा मुलाच्या भाषेत अर्थ ‘साधारण सव्वा-दीड वर्ष’. ‘तू लहान आहेस’ म्हटलं की मूल चिडतं. ‘पुढच्या दिवाळीनंतर तुझा नंबर’ म्हटलं की ते हिशेब करायला लागतं. पण वर्षभरात चार सेंटिमीटरही वाढ झालेली नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. राइडचं निमित्त झालं, एवढंच. थायरॉइडसारखी कारणं वेळेत सापडली तर त्यांवर उपाय असतो.

दिवसाची आखणीही मापावरून करा. सगळ्या गोतावळ्याने एकत्र फिरायचा हट्ट धरला की सगळ्यात बुटक्या मुलाचा दिवस रांगेबाहेर रडण्यात जातो. दोन तुकड्या करा. मोठी मुलं बाबांबरोबर मोठ्या राइडला, धाकटी आईबरोबर छोट्या आगगाडीला, आणि दुपारी जेवायला एकत्र. परदेशातल्या मोठ्या पार्कांत एक चांगली सोय आहे. आईबाप दोघांनाही मोठ्या राइडवर जायचं असेल आणि धाकटं मूल मापात बसत नसेल, तर एकजण मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, आणि मग पहिल्याला पुन्हा सगळी रांग न लावता आत सोडतात. आपल्याकडे अशी पाटी दिसली नाही तरी दारावर विचारून पाहा. नेहमी आईनेच बाहेर थांबायचं असं कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. तुमचीही उंची केव्हाची पुरेशी झालेली आहे!

राहता राहिले दीर. त्यांना दारात समजावू नका, चार लोकांसमोर कुणी ऐकत नाही. आदल्या रात्री, लोखंडी टेप हातात देऊन, मुलांची उंची मोजायचं काम त्यांच्याकडेच सोपवा. ज्याने स्वतः रेघ ओढली, तो दुसऱ्या दिवशी ‘चार बोटांनी काय होतंय’ म्हणत नाही.